लांडगी जाळण्याआधी : मराठवाड्यातल्या पशुवैद्यकांना आणि वनरक्षकांना खुले पत्र

आठही जिल्ह्यांतल्या माझ्या पशुवैद्यक सहकाऱ्यांना आणि बीटावर एकट्याने फिरणाऱ्या वनरक्षक भावाबहिणींना,

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यातलाच. एकतीस वर्षं जनावरांच्या सरकारी दवाखान्यात काढली, त्यातली बहुतेक बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात. गाभण तपासल्या, अडकलेले वार काढले, पावसाळ्याच्या तोंडावर घटसर्प-फऱ्याच्या लसी टोचल्या. अधूनमधून वनखात्याचा माणूस मोटारसायकल घेऊन दारात उभा राहिला, की पेटी उचलून त्याच्यामागे बसलो. हे पत्र त्या अधूनमधूनच्या फेऱ्यांबद्दल आहे.

निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. माघ संपत आलेला. धुळे-सोलापूर महामार्गावर पहाटे कुठल्याशा गाडीने एक लांडगी उडवली होती. मी पोचलो तेव्हा नुकतीच नोकरीला लागलेली एक वनरक्षक मुलगी तिच्याजवळ उभी होती आणि जरा लांब, मेंढरं थोपवून, एक म्हातारे धनगर. सगळे त्यांना तात्या म्हणत. तात्या मला म्हणाले, "डाक्टर, आचळं बघा. पिल्लं हायेत हिची कुठंतरी." बघितली. दूध होतं. पोट उघडलं तर यकृत फाटलेलं, पोटात रक्तच रक्त. जठरात शेळीचे केस आणि कोंबडीची पिसं. कारण स्पष्ट होतं, वीस मिनिटांत काम संपलं.

मी हात धूत असताना तात्या पुन्हा जवळ आले. लांडगीच्या छातीवर पांढरा ठिपका होता, शेपूट जरा वर वळलेली. "ही निखळ न्हाई वाटत. कुत्र्याची भेसळ हाय हिच्यात," म्हणाले. मी हसलो. अहवालात "लांडगा, मादी, प्रौढ" असं लिहिलं, मृत्यूचं कारण लिहिलं, सही केली. पंचनामा झाला. लाकडं रचली, डिझेल ओतलं, अकराच्या आत राख. सगळं नियमाप्रमाणे.

चार महिन्यांनी लांडग्यांवर काम करणारी एक संशोधक मुलगी जुने शवविच्छेदन अहवाल बघायला आली. माझा अहवाल तिने नीट वाचला, अक्षर चांगलं आहे म्हणाली, आणि मग विचारलं, "सर, मांसाचा एखादा तुकडा ठेवला होता का?"

नव्हता ठेवला. त्या दिवशी पेटीत ब्लेड होतं, रिकाम्या कुप्या होत्या, दवाखान्यात अल्कोहोलची बाटली होती. तांदळाच्या चार दाण्यांएवढा तुकडा ठेवला असता तर तात्यांचं बरोबर की माझं, हे आज सांगता आलं असतं. ती लांडगी कुठल्या कळपातली, त्या पट्ट्यात तिचं कुणी नात्यातलं उरलंय का, हेही. आता तिच्याबद्दल जगाला एवढंच माहीत आहे की ती मादी होती आणि तिचं यकृत फाटलं.

त्या रात्री मी जुनी रजिस्टरं काढून बसलो. नोकरीभरात लांडगे सात, तरस दोन, कोल्हे बारा-तेरा. विहिरीत पडलेली, कुत्र्यांनी फाडलेली, तारेत अडकलेली काळविटं मोजायची सोडून दिली. एकाचाही नमुना नाही. कुणी मागितला नव्हता हे खरं, पण मलाही सुचलं नव्हतं.

आता दुसरा आकडा ऐका. भारतीय लांडग्याच्या संपूर्ण जनुकसंचाचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यातून कळलं की आपल्या माळरानावरचा हा किडकिडीत, विटक्या रंगाचा लांडगा जगातल्या लांडग्यांच्या सगळ्यांत जुन्या आणि वेगळ्या शाखांपैकी एक आहे. युरोप-अमेरिकेतल्या भल्याथोरल्या लांडग्यांपासून तो केव्हाचाच फुटून निघालेला. एवढी मोठी गोष्ट ठरवायला त्या चमूने नव्याने किती भारतीय लांडग्यांचे जनुकसंच वाचले होते? चार. जगभरातल्या इतर प्राण्यांची आधीची माहिती जोडीला होतीच, पण भारतीय लांडगे चार. मी एकट्याने सात जाळले.

अंगावर पट्टे असणाऱ्यांचं बरं असतं. यवतमाळ जिल्ह्यातल्या तिपेश्वर अभयारण्याचा एक वाघ २०१९ मध्ये गळ्यात रेडिओ-कॉलर घेऊन निघाला, तेलंगण, नांदेड, हिंगोली करत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. एकूण तीन हजार किलोमीटरच्या वर चालला. लोकांनी त्याला वॉकर नाव दिलं. मार्च २०२१ मध्ये गौताळा अभयारण्यात एक वाघ कॅमेऱ्यात आला, १९४० नंतर पहिल्यांदाच. तोही तिपेश्वरचा. डिसेंबर २०२४ मध्ये येडशी-रामलिंगच्या कॅमेऱ्यात वाघ उमटला आणि अंगावरचे पट्टे जुळवून तो तिपेश्वरहून आल्याचं कळलं. धाराशिव जिल्ह्यात वाघ! बातम्या झाल्या, त्याला पकडून सह्याद्रीत सोडायचा बेत झाला, चंद्रपूरकडून पथक आलं. मला त्या वाघाचं कौतुक आहेच. पण तो ज्या माळांवरून आला त्या माळांवर वर्षानुवर्षं राहणारे लांडगे किती, कोण कुणाचं, एका माळावरचे दुसऱ्या माळावर जातात की नाही, हे आपल्याला ठाऊक नाही. लांडग्याला पट्टे नाहीत, ठिपके नाहीत. खोकड, कोल्हा, काळविटाची मादी, सगळ्यांचं तेच. (तरसाला पट्टे असतात, पण तो कॅमेऱ्यासमोर येईल तेव्हा.) देशभरात वाघ २०२२ च्या गणनेत सरासरीने ३,६८२ निघाले. लांडग्यांचा अंदाज तीन हजारांच्या आसपास आहे. म्हणजे आपण ज्याला "साधा लांडगा" म्हणतो तो वाघाहून कमीच असावा. आणि वाघाला राखीव जंगल असतं, लांडगा तुमच्या-माझ्या गायरानावर राहतो.

बिनपट्ट्याच्या जनावराला ओळखायचं तर त्याच्या पेशीत शिरावं लागतं. वनरक्षकांसाठी थोडक्यात सांगतो, पशुवैद्यकांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. विष्ठेवर आतड्याच्या अस्तरातून खरवडून आलेल्या पेशी असतात. केसाच्या मुळाशी असतात, चावलेल्या जागी राहिलेल्या लाळेत असतात, रक्तमांसात तर असतातच. त्या पेशींत दोन प्रकारचा डीएनए असतो. एक फक्त आईकडून येतो, तो मायटोकाँड्रियातला, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या बारीक कणांतला. त्यावरून जात ओळखणं सोपं, कारण एकेका पेशीत त्याच्या शेकडो प्रती असतात आणि उन्हातान्हात पडलेल्या विष्ठेतही काही शिल्लक राहतात. दुसरा केंद्रकातला, आईबाप दोघांकडून आलेला. त्याच्यातल्या ठरावीक जागा तपासल्या की नर की मादी, हाच प्राणी गेल्या महिन्यात दुसऱ्या गावाच्या हद्दीत फिरला होता का, दोन प्राणी भावंडं आहेत का, हे उलगडतं. माळावर पन्नास विष्ठा सापडल्या म्हणजे पन्नास लांडगे नव्हेत. त्यातल्या वीस गावकुत्र्यांच्या असतील आणि उरलेल्या सहाच लांडग्यांच्या. नुसत्या डोळ्यांनी कुत्रा, लांडगा आणि कोल्ह्याची विष्ठा वेगळी करणारे मी पुष्कळ पाहिलेत. मीही त्यातलाच होतो. आता छातीठोक सांगत नाही.

नातं कशाला बघायचं, असं एकाने मला विचारलं. पशुवैद्यकाने हे विचारावं याचं नवल वाटलं. कृत्रिम रेतनाच्या प्रत्येक नळीवर वळूचा नंबर छापलेला असतो. तो आपण रजिस्टरात का उतरवतो? बापाचं वीर्य लेकीला जाऊ नये म्हणून. देवणी आणि लाल कंधारीचे वळू त्याच हिशेबाने फिरवले जातात. उस्मानाबादी शेळ्या पाळणारी बाई दोन-तीन वर्षांनी बोकड बदलते, धनगर मेंढा बदलतो. बदलला नाही तर कोकरं मरतुकडी निघतात, माद्या उलटतात, म्हणजे गाभण राहत नाहीत. "रक्त एकच झालं" असं ते म्हणतात. जनुकशास्त्राच्या पुस्तकात याच गोष्टीवर पानंच्या पानं आहेत. (माणसांत मामाची पोरगी करायची आपल्याकडची रीत या हिशेबात कुठे बसते, ते मी इथे काढत नाही. घरात राहायचं आहे.)

लांडग्याचा मेंढा कोण बदलणार? तो स्वतः चालत जाऊन बदलतो. जाऊ शकला नाही तर काय होतं, याच्या दोन गोष्टी परदेशातल्या आहेत, पण आपल्याला लागू पडतात.

स्वीडन-नॉर्वेत लांडगे जवळजवळ संपले होते. १९८३ पासून एका जोडप्याची पिलावळ वाढू लागली, पण संख्या दहाच्या वर जाईना. खायला भरपूर होतं, कायद्याचं संरक्षण होतं. मग १९९१ च्या सुमाराला एकदम वाढ सुरू झाली आणि दहा-बारा वर्षांत शंभराच्या घरात गेली. हे का झालं ते डीएनएमधून कळलं. पूर्वेकडून, फिनलंड-रशियाच्या बाजूने, एक परका नर आला होता. एकच. आधी भावंडांत अडकलेल्या माद्यांना जोडीदार मिळाला.

दुसरी गोष्ट अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवरातल्या आयल रॉयल बेटाची. १९४० च्या दशकाच्या शेवटी गोठलेल्या सरोवरावरून लांडगे तिथे पोचले, १९८० मध्ये पन्नास झाले, मग घसरले. १९९७ मध्ये बर्फावरून एक नर आला आणि थोडा काळ निभावलं. पण हिवाळे सौम्य होत गेले तसा बर्फाचा पूल क्वचित पडू लागला. २०१६ पर्यंत बेटावर दोनच उरले, बाप आणि त्याची लेक, आणि ती लेक त्याची सावत्र बहीणही होती. शेवटी २०१८-१९ मध्ये बाहेरून लांडगे आणून सोडावे लागले. या बेटावरच्या लांडग्यांच्या मणक्यांत जन्मजात दोष वाढत गेल्याचं दिसलं. आता आपल्या कामाचा मुद्दा. तो दोष कशामुळे दिसला? तिथल्या संशोधकांनी मेलेल्या लांडग्यांची हाडं दशकानुदशकं जपून ठेवली होती. पुढे कुणाला काय प्रश्न पडेल हे त्यांना तेव्हा माहीत नव्हतं. हाडं मात्र होती.

आपल्याकडे बेटं पाण्याने वेढलेली नाहीत. उसाच्या पट्ट्यांनी, कालव्यांनी, कुंपणांनी वेढलेली आहेत. लातूर जिल्ह्यात तर जंगल एक टक्काही नाही. तिथला लांडगा माळावरच राहतो आणि माळाला कागदोपत्री आपण पडीक म्हणतो. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, दोन्ही बाजूंनी बंदिस्त, जालना आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांना आडवा छेदून जातो. प्राण्यांसाठी भुयारी वाटा केल्यात, पण त्यांतून लांडगा जातो का, गेला तर पलीकडे जाऊन पिल्लं घालतो का? पहिल्या प्रश्नाला कॅमेरा उत्तर देईल, दुसऱ्याला फक्त डीएनए. रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे नमुने आज घेतले आणि वीस वर्षांनी पुन्हा घेतले तर फरक मोजता येईल. आजचे घेतलेच नाहीत तर वीस वर्षांनंतरच्या माणसाकडे तुलनेला काही नसेल. शक्तिपीठ महामार्गाची आखणी हिंगोली, नांदेडपासून धाराशिवपर्यंत आपल्याच माळांवरून चालली आहे. तो व्हावा की न व्हावा यावर मला इथे बोलायचं नाही. पण आधीचं चित्र टिपायची वेळ ही आहे.

काळविटाचं असं काम झालंही आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी देशभरातल्या कळपांच्या लेंड्या गोळा करून त्यांतला डीएनए वाचला आणि २०२३ मध्ये निष्कर्ष मांडले. देशात उत्तर, दक्षिण आणि पूर्व असे गट दिसले, आणि मधल्या मुलखात वस्त्या, शेतं असूनही नर एका कळपातून दुसऱ्याकडे जात राहतात, माद्या त्या मानाने जागच्या जागी. वैजापूर-येवल्याकडच्या माळांवर किंवा परभणीच्या काळ्या रानात हरणांचा त्रास सोसणाऱ्या शेतकऱ्याला हे ऐकवलं तर तो म्हणेल, जातात ना, माझ्या सोयाबीनमधूनच जातात. त्याचं खरं आहे. कोवळी पेर एका रात्रीत साफ झालेली मीही पाहिली आहे. म्हणून तर कुठला कळप कुठून येतो, वाटेत काय अडवलं की तो कुठल्या शिवारात कोंडतो, हे नीट कळायला हवं. अंदाजाने ठोकलेल्या कुंपणाने एका गावचा त्रास दुसऱ्या गावाला जातो.

आता तात्यांच्या शंकेकडे येतो. त्या दिवशी मी हसलो होतो, पण पुण्याजवळच्या गवताळ माळांवर विचित्र रंगाचे लांडगे दिसल्यावर त्यांचा डीएनए तपासला गेला, आणि २०२३ मध्ये ते लांडगा-कुत्रा संकर असल्याचं सिद्ध झालं. देशातला हा पहिला जनुकीय पुरावा. द ग्रासलँड्स ट्रस्टच्या लोकांनी ते प्राणी टिपले, बंगळुरूच्या संस्थांनी तपासणी केली. पुणे काही फार लांब नाही. आपल्या माळांवर मोकाट कुत्री कमी आहेत असं कुणी म्हणणार नाही. कोंबड्यांच्या शेडमागे टाकलेली मेलेली पिल्लं, गावाबाहेर फेकलेली ढोरं, त्यांवर कुत्री आणि लांडगे एकाच जागी येतात. माझ्या लांडगीच्या जठरात पिसं होती, विसरू नका. हजारो पिढ्या जपलेली जुनी शाखा अशी हळूहळू पातळ होत जाईल आणि दिसायला लांडगा दिसतच राहील. संकर ओळखायला आईकडचा डीएनए पुरत नाही. आई लांडगी आणि बाप कुत्रा असला तर मायटोकाँड्रिया "लांडगा" असंच सांगणार. केंद्रकातला डीएनए हवा आणि तो चांगल्या अवस्थेत हवा. म्हणून विष्ठेपेक्षा ताज्या शवातला तुकडा सोन्यासारखा.

कुत्रा की लांडगा या प्रश्नाला दुसरी, रोजच्या भांडणाची बाजूही आहे. रात्रीतून पाच शेळ्या मारल्या जातात. लांडग्याने मारल्या तर भरपाई, कुत्र्याने मारल्या तर नाही. शेळीवाली म्हणते लांडगा, पंचनाम्याला आलेला माणूस म्हणतो कुत्रा, आणि दोघंही माझ्याकडे बघतात. दातांमधलं अंतर मोजून मी किती वेळा अंदाजपंचे लिहिलं असेल! गळ्याच्या जखमेवरची लाळ निर्जंतुक कापसाच्या बोळ्याने टिपून ठेवली तर प्रयोगशाळा सांगू शकते कोणाची. अट एकच, जखम कुणी पाण्याने धुतलेली नको आणि कुत्र्यांनी नंतर तोंड घातलेलं नको. बिबट्याच्या बाबतीत हेच. २०२० च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आष्टी आणि करमाळ्याकडे माणसं मारली जात होती ते दिवस आठवा. उसात शिरायला बाया घाबरत होत्या. अशा वेळी हल्ला करणारा बिबट्या एक की दोन, आणि पिंजऱ्यात आलेला तोच का, हे लाळेवरून ठरवता येतं. नाहीतर पिंजऱ्यात येईल त्याच्यावर आळ.

काय करायचं ते सांगतो. पशुवैद्यकांनो, आपली सवय फॉर्मॅलिनची आहे. सूक्ष्मदर्शकाखाली ऊती बघायची तर ते ठीक, पण डीएनएच्या कामाला फॉर्मॅलिन म्हणजे सत्यानाश, साखळी जखडते आणि तुटते. जठर-यकृत विषाच्या तपासणीला मिठाच्या संपृक्त द्रावणात पाठवतो, ती कुपी वेगळी. डीएनएसाठी पंचाण्णव टक्क्यांच्या वरचं शुद्ध अल्कोहोल. मांडीच्या स्नायूचा किंवा कानाच्या कडेचा हरभऱ्याएवढा तुकडा, तोही बारीक चिरून, आणि तुकड्याच्या निदान पाचपट अल्कोहोल. मोठा गोळा कोंबला तर आतून कुजतो. दुसऱ्या दिवशी अल्कोहोल बदला, कारण मांसातलं पाणी उतरून ते पातळ होतं. दोन कुप्या करा. प्रत्येक प्राण्याला नवं ब्लेड, नवे हातमोजे, नाहीतर काळविटाच्या नमुन्यात लांडगा निघेल. द्रव नत्राचं (लिक्विड नायट्रोजनचं) भांडं आपल्याकडे असतं म्हणून त्यात टाकायचा मोह होईल. गरज नाही, रेतनाच्या नळ्यांत वन्यप्राणी मिसळू नका. आणि नाका-तोंडातून न गोठलेलं काळं रक्त दिसलं तर शव उघडायचंच नाही, काळपुळीचा (अँथ्रॅक्सचा) नियम वन्यप्राण्यालाही तोच. लांडग्या-कोल्ह्याच्या डोक्याला हात लावताना रेबीज लक्षात असू द्या, स्वतःच्या लसी घेतलेल्या असू द्या.

वनरक्षकांनो, विष्ठा ताजी असेल तर वरच्या थरातला थोडा भाग काडीने उचला, आतला नको, पेशी बाहेरच्या बाजूला जास्त असतात. आपल्या उन्हाळ्याचा एक फायदा आहे, कोरड्या हवेत डीएनए टिकतो. पण थेट ऊन त्याला मारतं, म्हणून झुडपाच्या सावलीतली विष्ठा उघड्या खडकावरच्यापेक्षा चांगली. पावसाळ्यातली बहुतेक वेळा वाया. सिलिका जेलच्या पुडीत किंवा अल्कोहोलमध्ये ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत ओली बांधू नका, बुरशी येते. जागा, तारीख, फोटो. ढोलीची, बिळाची जागा मात्र फोनवरच्या गटात टाकू नका. पिल्लं बघायला जत्रा जमते. धनगरांना विचारा, त्यांना कुठल्या माळावर कुठली जोडी आहे ते माहीत असतं. विचारताना वही बाहेर काढू नका, ते गप्प होतात.

हे सगळं परवानगीने. १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे वन्यप्राणी आणि त्याचा प्रत्येक अवयव सरकारची मालमत्ता आहे. शास्त्राच्या हौसेने घरी ठेवलेली केसाची पुडीसुद्धा गुन्ह्यात येऊ शकते. म्हणून आपल्या विभागाच्या उपवनसंरक्षकांकडून लेखी आदेश घ्या आणि पंचनाम्याच्या मजकुरातच एक ओळ वाढवा : "डीएनए तपासणीसाठी ऊतीचे नमुने घेतले, कुप्या दोन." वाघाच्या शवासाठी ठरलेली कार्यपद्धती आहे, नमुना घ्यावाच लागतो. लांडग्याला, तरसाला, काळविटाला तीच शिस्त लावायला कुठल्या नव्या कायद्याची गरज नाही. ही एक ओळ पुरते.

ठेवायचे कुठे, हा प्रश्न बरोबर आहे. दवाखान्याच्या कपाटात ठेवलेल्या कुप्या बदली झाली की उकिरड्यावर जातात. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात पॉल हेबर्ट यांच्या नावाचं डीएनए बारकोडिंगचं, म्हणजे डीएनएच्या ठरावीक तुकड्यावरून जात ओळखण्याचं, केंद्र आहे. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यक महाविद्यालयं आहेत. हैदराबादला पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्राची लॅकोन्स ही प्रयोगशाळा फक्त वन्यजीवांसाठी आहे. शास्त्रज्ञ लालजी सिंग यांच्या काळात तिथे अशी पद्धत बसवली गेली की कुठल्याही प्राण्याच्या अगदी छोट्या तुकड्यावरून त्याची जात ओळखता यावी. नांदेडहून रात्रीची गाडी धरली की सकाळी हैदराबाद. माझं म्हणणं असं, की सगळ्यांचं विश्लेषण आज करायला पैसे नाहीत हे मान्य, पण ठेवायला किती लागतात? परभणीत किंवा उदगीरला एक डीप फ्रीझर, एक नोंदवही आणि बदली न होणारा एक माणूस. तिसरं मिळणं अवघड आहे, ते मला ठाऊक आहे.

डीएनएने लांडगा वाचत नाही, असं एक मित्र मला सुनावतो. गायरानावर सोलरच्या पाट्या बसल्या, उरलेल्यात ऊस शिरला, तर नमुन्यांचं लोणचं घालायचं का, असं म्हणतो. मला त्याला पूर्ण उत्तर देता आलेलं नाही. पण सिमलीपालचे काळे वाघ आठवा. ओडिशातल्या त्या जंगलात जवळजवळ काळे दिसणारे वाघ आहेत, पर्यटक खूश. बंगळुरूच्या शास्त्रज्ञ उमा रामकृष्णन यांच्या चमूने २०२१ मध्ये दाखवलं की हा एका जनुकातल्या बदलाचा परिणाम आहे, आणि तो तिथे एवढा वाढला कारण ती वाघांची वस्ती लहान आहे आणि इतरांपासून तुटलेली आहे. जी गोष्ट लोक कौतुकाने बघत होते ती एकटेपणाची खूण निघाली. गायरान वाचवायच्या भांडणात "इथले लांडगे तिथल्यांपासून तुटलेत, ही वाट बंद करू नका" असं कागदावर दाखवता आलं, तर ऐकणाऱ्याला ऐकावं लागतं. "आम्हाला वाटतं" म्हणून ग्रामसभेत उठलेल्या माणसाला खाली बसवतात, ते मी पाहिलं आहे.

त्या लांडगीच्या पिल्लांचं काय झालं ते कळलं नाही. त्या वनरक्षक मुलीने आणि तात्यांनी दोन दिवस माळ धुंडाळला होता. ती मुलगी आता दुसऱ्या परिक्षेत्रात आहे. मागच्या महिन्यात तिचा फोन आला, रस्त्यावर एक तरस मेलंय, डॉक्टर रजेवर आहेत, नमुना कसा घ्यायचा ते सांगा म्हणाली. मी फोनवर सांगत गेलो, ती करत गेली. तिने आदेश आधीच घेऊन ठेवला होता. तेव्हाच हे पत्र लिहायचं ठरवलं.

आपला,
बालाघाटातला एक निवृत्त पशुवैद्यक

ता. क. : कुपीत जी चिठ्ठी टाकायची ती पेन्सिलने लिहा. शाई, बॉलपेन, स्केचपेन, सगळं अल्कोहोलमध्ये उतरतं आणि महिन्याभरात कोरा कागद हातात येतो. बाहेरूनही एक चिठ्ठी चिकटवा, पण भरवसा आतल्या चिठ्ठीवर ठेवा.